उपहासाची खरेदी : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांतील विनोद व विक्रयतंत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अध्यक्षीय निवडणुकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पक्षांचे जाहीरनामे, प्रादेशिक हितसंबंध, जकातीचे आणि चलनाचे वाद यांकडे जितके लक्ष पुरविले आहे, तितके त्या निवडणुकांत झालेल्या थट्टामस्करीकडे पुरविलेले नाही. विनोद म्हणजे प्रचाराच्या ताटातील लोणचे; त्याने चव येते, पोट भरत नाही, अशी काहीशी समजूत यामागे असावी. प्रस्तुत लेखकास ही समजूत ग्राह्य वाटत नाही. उमेदवार हा एक माल आहे, तो मतदाररूपी गिऱ्हाइकाच्या गळी उतरवावयाचा आहे, ही कल्पना अमेरिकेत ज्या काळी रुजली, त्याच काळी तेथील निवडणुकीतील विनोदाचेही कार्य पालटले. पूर्वी विनोद हे प्रतिपक्षावर फेकण्याचे शस्त्र होते. ते तसे आजही आहे; परंतु निवडणुकीचा निकाल पाहिला तर प्रतिपक्षावर फेकलेल्या विनोदापेक्षा प्रतिपक्षाने आपल्यावर फेकलेला उपहास उचलून त्याचीच व्यापारी मुद्रा करण्याची युक्ती अधिक वेळा फलदायी ठरलेली दिसते. आरोप खोडून काढावयाचा तर पुरावा लागतो. तो विकत घेऊन टाकावयाचा तर थोडी विनोदबुद्धी व थोडे भांडवल एवढे पुरते. मात्र या खरेदीत एक गोष्ट नेहमी मागे राहते. आरोपाच्या पोटात जो प्रश्न होता, त्याला उत्तर मिळत नाही. हा प्रश्न पुढे कोणत्या रूपाने परत येतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या युक्तीचे पहिले, आणि माझ्या मते अद्यापही सर्वांत बोधप्रद, उदाहरण १८४० च्या निवडणुकीचे आहे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने देश पोळलेला होता. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्याविरुद्ध ह्विग पक्षाने डिसेंबर १८३९ मध्ये हॅरिसबर्ग येथे भरलेल्या अधिवेशनात जनरल विल्यम हेन्री हॅरिसन यांची निवड केली. हॅरिसन हे १८११ च्या टिपेकनूच्या लढाईमुळे थोडेफार नाव मिळविलेले वृद्ध सेनानी होते. त्यांची निवड होताच बाल्टिमोरच्या एका डेमोक्रॅटिक वृत्तपत्राने अशा आशयाचे लिहिले की, या म्हाताऱ्याला हार्ड सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या आंबविलेल्या रसाचे, एक पिंप द्यावे, वर्षाला दोन हजार डॉलरचे निवृत्तिवेतन बांधून द्यावे, म्हणजे तो आपल्या ओंडक्यांच्या झोपडीत शेकोटीपाशी सुखाने उरलेले आयुष्य काढील. लिहिणाऱ्याला आपण फार मार्मिक लिहिले असे वाटले असणार. परंतु त्या काळच्या पश्चिमेकडील संस्थानांत ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेले, वाढलेले आणि अद्याप राहत असलेले मतदार किती होते, याचा हिशेब त्याने केला नव्हता. ह्विगांनी तो केला.

पुढील दहा महिन्यांत त्या झोपडीचे काय झाले, हे सांगितल्यास आजच्या जाहिरातदारालाही मान खाली घालावी लागेल. गावोगावी चौकांत ओंडक्यांच्या झोपड्या उभारण्यात आल्या. मिरवणुकींत चाकांवर बसविलेल्या झोपड्या फिरू लागल्या आणि त्यांच्या दाराशी सायडरची पिंपे ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला ते पेय फुकट पाजण्यात येऊ लागले. चिनीमातीच्या बश्यांवर, हातरुमालांवर, पितळी पदकांवर, गुंड्यांवर झोपडीचे चित्र आले. होरेस ग्रीली यांनी प्रचारासाठी जे साप्ताहिक काढले, त्याचे नावच ‘लॉग कॅबिन’ होते. घोषणा लिहिलेले प्रचंड गोळे एका गावाहून दुसऱ्या गावाला ढकलीत नेण्याची टूमही याच मोहिमेतील. गाणी इतकी निघाली की प्रतिपक्षाने गाऱ्हाणे केले ते हेच, की युक्तिवादाला प्रत्युत्तर देता येते, पण गाण्याला काय द्यावयाचे?

आता वस्तुस्थिती पाहू. हॅरिसन हे व्हर्जिनियातील बर्कली येथील बड्या जमीनदार घराण्यात जन्मले. त्यांच्या वडिलांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेली होती. ओहायोतील नॉर्थ बेंड येथील त्यांचे राहते घर म्हणजे चांगला प्रशस्त वाडा होता. उलट, ज्यांना ऐषआरामी सरदार म्हणून रंगविण्यात आले ते व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क संस्थानातील किंडरहुक गावच्या एका खानावळवाल्याचे चिरंजीव! हा विपर्यास पुरा करण्याचे श्रेय पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी चार्ल्स ओगल यांना द्यावयास हवे. अध्यक्षांच्या निवासस्थानाची दुरुस्ती व सजावट यांसाठी ३,६६५ डॉलरची एक किरकोळ मागणी एप्रिल १८४० मध्ये प्रतिनिधिगृहापुढे आली असता, ओगल यांनी तीन दिवस भाषण केले. अध्यक्षांचे आरसे, गालिचे, सोनेरी मुलाम्याचे चमचे, जेवणानंतर बोटे बुडविण्याचे वाडगे यांची यादी त्यांनी अशा काही थाटात वाचली की, ऐकणाऱ्याला व्हर्सायच्या राजवाड्यात हिंडून आल्यासारखे वाटावे. ह्विग पक्षाच्याच एका सभासदाने सभागृहात उठून हे वर्णन अन्यायाचे असल्याचे दाखविले; परंतु छापून लाखो हातांत गेले ते ओगल यांचे भाषण. दुरुस्तीचे पत्रक वाचण्यात कोणाला रस असतो?

याच वर्षीचा आणखी एक प्रसंग येथे नमूद करावयास हवा, कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे. मिशिगनचे प्रतिनिधी आयझॅक क्रेरी यांनी हॅरिसन यांच्या युद्धकौशल्यावर टीका केली. क्रेरी स्वतः मिलिशियाचे, म्हणजे हंगामी नागरी पलटणीचे, जनरल होते. त्यांना ओहायोच्या टॉमस कॉर्विन यांनी उत्तर दिले. मिलिशियाची कवायत, तीत सामील झालेल्या या सेनापतीचा डौल आणि कवायत संपल्यावर कापलेली कलिंगडे यांचे त्यांनी केलेले वर्णन ऐकून सभागृह हसून लोटपोट झाले. दुसऱ्या दिवशी वृद्ध जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी क्रेरींचा उल्लेख ‘कैलासवासी जनरल क्रेरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी केला. त्या बिचाऱ्यांचे राजकीय आयुष्य तेथेच आटोपले म्हणावयास हरकत नाही. पण गंमत अशी की कॉर्विन यांना स्वतःलाही आपल्या या कीर्तीचा पुढे पश्चात्ताप झाला. लोकांना कधी हसवू नका, यश हवे असेल तर गाढवासारखे गंभीर राहा, असा उपदेश ते उतारवयात तरुणांना करीत, असे सांगतात. दुसऱ्याला हसणारा मनुष्य लोकांना आवडतो, पण त्याच्या हाती राज्य द्यावयास लोक कचरतात, हा तो अनुभव होय.

हॅरिसन यांना २३४ व व्हॅन ब्यूरेन यांना ६० निर्वाचक मते मिळाली. त्याहून अर्थपूर्ण आकडा मतदानाचा आहे. १८३६ मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मतदान केले होते. १८४० मध्ये ते प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेले. लोकशाहीच्या विस्ताराचे श्रेय काही अंशी त्या सायडरच्या पिंपांकडे जाते, हे मान्य करावयास संकोच वाटू नये. परंतु त्या पिंपावर काय लिहिले नव्हते, तेही पाहिले पाहिजे. ह्विग पक्षाने त्या वर्षी जाहीरनामाच काढला नव्हता. पक्षात राष्ट्रीय बँकेचे पुरस्कर्ते होते तसेच विरोधकही होते. झोपडीच्या छपराखाली सर्वांना जागा मिळाली. ४ मार्च १८४१ रोजी अधिकारग्रहण केलेले हॅरिसन ४ एप्रिल रोजी मरण पावले आणि उपाध्यक्ष जॉन टायलर अध्यक्षपदी आले. टायलर राष्ट्रीय बँकेच्या विरुद्ध होते. त्यांनी त्याच वर्षी बँकेची दोन विधेयके नामंजूर केली. सप्टेंबरमध्ये डॅनियल वेबस्टर वगळता सारे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले आणि ह्विगांनी आपल्याच अध्यक्षाला पक्षाबाहेर काढले. निवडणुकीत जो प्रश्न हशात बुडविला होता, तो असा पाच महिन्यांत वर आला.

१८४० नंतरच्या अर्धशतकात विनोदाचे मुख्य साधन व्यंगचित्र हे होते आणि त्यावर उमेदवाराची मालकी नव्हती. लिंकन यांचे उदाहरण विशेष मननीय आहे. गोष्टीवेल्हाळ म्हणून त्यांची ख्याती होती. १८६४ मध्ये त्यांच्या नावावर विनोदाच्या चोपड्या विकल्या जात होत्या. परंतु युद्धात लक्षावधी माणसे मरत असता हीच ख्याती त्यांच्यावर उलटविण्यात आली. अँटिटमच्या रणांगणावर प्रेते पुरावयाची असतानाच लिंकन यांनी आपल्या मित्राला, मार्शल लॅमन यांना, विनोदी गाणे म्हणावयास सांगितले, अशी बातमी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्राने सप्टेंबर १८६४ मध्ये दिली. वस्तुतः गाणे म्हटले गेले ते लढाईनंतर पंधरवडा उलटल्यावर व रणभूमीपासून काही मैल दूर. लिंकन यांनी लॅमनच्या नावाने एक खुलासा स्वहस्ते लिहून काढला. परंतु तो त्यांनी प्रसिद्ध होऊ दिला नाही. समर्थांनी टवाळ आणि विनोद यांची जी सोयरीक जुळविली आहे, तिचाच आधार या ‘वर्ल्ड’ पत्राने घेतला होता असे वाटते. लिंकन निवडून आले ते ॲटलांटा पडल्यामुळे, विनोदामुळे नव्हे, आणि विनोद असूनही.

टॉमस नास्ट यांनी ‘हार्पर्स वीकली’मध्ये जानेवारी १८७० मध्ये काढलेले गाढव आणि नोव्हेंबर १८७४ मध्ये काढलेला बिथरलेला हत्ती यांची हकीकत सर्वश्रुत आहे. दोन्ही चित्रे उपहासाची होती. आज एका पक्षाचे पदाधिकारी गाढवाचा आणि दुसऱ्याचे हत्तीचा बिल्ला अभिमानाने छातीवर लावतात. खरेदी इतकी पूर्ण झाली की मूळ विक्रेत्याची कोणाला आठवणही उरली नाही. तथापि काही उपहास खरेदी होऊ शकत नाहीत, हेही याच काळात दिसून आले. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी ‘वर्ल्ड’ने (ते आता जोसेफ पुलित्झर यांच्या मालकीचे होते) रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन हे धनाढ्यांच्या पंक्तीला बसून मेजवानी झोडीत आहेत आणि समोर एक उपाशी कुटुंब हात पसरून उभे आहे, असे चित्र पहिल्या पृष्ठभर छापले. ब्लेन त्या भोजनाला खरोखरच आदल्या रात्री गेले होते. न्यूयॉर्क संस्थान त्यांनी बाराशेहूनही कमी मतांनी गमावले व त्यासरशी अध्यक्षपदही गमावले. झोपडीची थट्टा उचलता येते. ताटावर बसलेल्या माणसाला ताटाची थट्टा उचलता येत नाही.

१८९६ मध्ये ओहायोचे उद्योगपती मार्क हॅना यांनी विल्यम मॅकिन्ले यांच्यासाठी जी मोहीम चालविली, ती विक्रयतंत्राच्या इतिहासातील मैलाचा दगड गणली जाते. सुमारे ३५ लक्ष डॉलरचा निधी, वीस कोटींहून अधिक पत्रके, सेल्युलॉइडचे नव्यानेच पेटंट घेतलेले बिल्ले, आणि कँटन येथील घराच्या ओसरीवर बसलेल्या उमेदवाराच्या दर्शनाला आगगाडीने आणलेली साडेसात लाख माणसे, असा तो व्याप होता. हॅना यांनी मॅकिन्ले यांची जाहिरात एखाद्या पेटंट औषधासारखी केली, असा शेरा थिओडोर रूझवेल्ट यांनी मारला. आणि रूझवेल्ट त्याच पक्षाचे होते. हर्स्ट यांच्या ‘जर्नल’मध्ये होमर डेव्हनपोर्ट हॅनांना डॉलरच्या चिन्हांनी भरलेल्या कपड्यात रंगवीत. ही थट्टा हॅनांच्या वर्मी लागली, मात्र उमेदवाराला ती फारशी चिकटली नाही. विक्रेत्याची टवाळी झाली, माल मात्र खपला. विक्रेता आणि माल यांची ही फारकत पुढील शतकात फार उपयोगी पडली.

आता आपण रेडिओच्या काळात येऊ. १९४४ साली फ्रँक्लिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे होते. त्यांच्या प्रकृतीविषयी कुजबूज सर्वत्र चालू होती व ती निराधार नव्हती. अशा वेळी अलास्काच्या दौऱ्यात अध्यक्षांचा फाला नावाचा कुत्रा अल्यूशियन बेटांवर चुकून राहिला आणि त्याला आणावयास एक विनाशिका पाठविण्यात आली, तिचा खर्च करदात्यांच्या माथी बसला, अशी कंडी रिपब्लिकन गोटातून पिकली. २३ सप्टेंबर १९४४ रोजी वॉशिंग्टनच्या स्टॅटलर हॉटेलात वाहतूक कामगारांच्या ‘टीमस्टर्स’ संघटनेच्या भोजनप्रसंगी रूझवेल्ट यांनी प्रचाराचे पहिले भाषण केले. माझ्यावर, माझ्या पत्नीवर, मुलांवर हल्ले होतात, त्याचे मला किंवा त्यांना काही वाटत नाही, पण फालाला वाटते, असे ते म्हणाले. तो जातीचा स्कॉच असल्यामुळे एवढा पैसा खर्च झाल्याचे ऐकून त्याचा आत्मा खवळला आहे आणि तेव्हापासून तो पूर्वीचा कुत्राच राहिलेला नाही! स्कॉट लोकांच्या काटकसरीविषयीचा हा प्रचलित विनोद देशभर रेडिओवरून ऐकला गेला.

या भाषणाचे कौतुक बहुतेक सर्व चरित्रकारांनी केले आहे व ते योग्यच आहे. आवाजाचा चढउतार, थांबण्याची जागा, गंभीर मुद्रेने थट्टा करण्याची हातोटी, या दृष्टीने ते अजोड आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर थांबू नये. श्रोत्यांना त्या रात्री मिळाले ते विनाशिकेच्या खर्चाचे उत्तर नव्हे. त्यांना मिळाला एका खणखणीत आवाजाचा प्रत्यय. आणि ज्याचा आवाज इतका खोडकर, त्याची प्रकृती कशी वाईट असेल, असा निष्कर्ष त्यांनी आपला आपण काढला. प्रकृतीचा शब्दही न उच्चारता प्रकृतीचा प्रश्न मिटला. प्रतिस्पर्धी टॉमस ड्यूई यांनी दोन दिवसांनी ओक्लाहोमा सिटी येथे संतप्त उत्तर दिले, तेव्हा ते हट्टी फिर्यादी वकिलासारखे भासले. रूझवेल्ट निवडून आले व १२ एप्रिल १९४५ रोजी मरण पावले. त्यांच्या जागी आलेल्या हॅरी ट्रूमन यांना अणुबाँबच्या कार्यक्रमाची पुरती कल्पनाही तोवर देण्यात आलेली नव्हती. त्या भोजनसमारंभातील हशाची किंमत काढावयाची झाल्यास ही गोष्ट त्या हिशेबात धरावी लागेल.

बरोबर आठ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९५२ रोजी, रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर आपल्या १८,००० डॉलरच्या खाजगी निधीचा खुलासा केला आणि त्यात चेकर्स नावाचा कुत्रा आणला. फालाचा धडा आपण जाणूनबुजून गिरविला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. त्यांनी कुत्रा घेतला; विनोद मात्र घेतला नाही, कारण त्यांच्यापाशी तो नव्हता. त्याची जागा डोळ्यांतील पाण्याने भरून काढली. व्यापार तरीही यशस्वी झाला.

१९५२ ची निवडणूक आमच्या विषयाच्या दृष्टीने कसोटीची म्हटली पाहिजे, कारण तीत विनोद एका बाजूला व विक्रयतंत्र दुसऱ्या बाजूला, असा उघड सामना झाला. डेमोक्रॅटिक उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांच्याइतका सुसंस्कृत विनोद लिंकननंतर कोणत्याही उमेदवाराने केला नसेल. रिपब्लिकन आमच्याविषयी खोटे बोलणे थांबवतील तर आम्ही त्यांच्याविषयी खरे बोलणे थांबवू, हा त्यांच्या भाषणांतून गाजलेला सौदा. तो मूळचा त्यांचा नव्हे, पण त्यांच्या तोंडी तो शोभला. विद्वानांना ‘एगहेड’ म्हणून हिणविण्याची टूम त्याच वर्षी निघाली; तिला उत्तर म्हणून त्यांनी मार्क्सच्या घोषणेचे विडंबन करून जगातील अंडमस्तकांना एक होण्याचे आवाहन केले; गमावण्यासारखे तुमच्यापाशी पिवळ्या बलकाखेरीज काही नाही! ही खरेदीच होती. पण गिऱ्हाईक किती? ओंडक्यांच्या झोपडीत राहणारे मतदार १८४० मध्ये अगणित होते. अंडमस्तके १९५२ मध्ये मोजकीच होती. स्टीव्हन्सन यांच्या बुटाच्या तळाला पडलेले भोक एका छायाचित्रकाराने फ्लिंट येथे टिपले व त्याला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. डेमोक्रॅटांनी त्या भोकाच्या बुटाचे चांदीसारखे बिल्ले काढले. तेच एक चित्र त्या मोहिमेत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले आणि ते स्टीव्हन्सन यांच्या वाणीतून आलेले नव्हते, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो.

आयझेनहॉवर यांच्या बाजूने टेड बेट्स या जाहिरातसंस्थेचे रॉसर रीव्ह्‌ज होते. औषधी गोळ्यांच्या जाहिरातींत मुरलेल्या या गृहस्थांनी एकाच दिवसात जनरलसाहेबांची चाळीस छोटी उत्तरे चित्रित केली. प्रश्न विचारणारे नागरिक नंतर न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून निवडून आणले आणि दोहोंची जोडणी केली. म्हणजे प्रश्नाच्या आधी उत्तर तयार होते. एका म्हाताऱ्या शिपायावर ही वेळ यावी, असे उद्गार आयझेनहॉवर यांनी त्या वेळी काढल्याचे सांगतात, आणि ते खरे असतील तर त्या साऱ्या मोहिमेतील उत्तम विनोद त्यांचाच म्हणावा लागेल. कोरियात युद्ध चालू असता स्टीव्हन्सन थट्टा करतात, हा आक्षेप रिपब्लिकनांनी वारंवार घेतला. कॉर्विनचा अनुभव पुन्हा एकदा आला. निकाल ४४२ विरुद्ध ८९. १९५६ मध्ये पुन्हा उमेदवारी स्वीकारताना, उच्च पदांचे उमेदवार न्याहारीच्या लाह्यांसारखे विकता येतात ही कल्पना म्हणजे लोकशाहीची परमावधीची विटंबना होय, असे स्टीव्हन्सन म्हणाले. ते पुन्हा हरले.

जॉन केनेडी यांनी या दोन वाटा एकत्र आणल्या. वडिलांच्या पैशावर निवडणूक लढविली जाते, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. मार्च १९५८ मध्ये पत्रकारांच्या ग्रिडायर्न क्लबच्या भोजनात त्यांनी खिशातून वडिलांची कल्पित तार काढून वाचली : जरुरीपेक्षा एकही मत जास्त विकत घेऊ नकोस, प्रचंड बहुमताचे पैसे मी देणार नाही. पत्रकार हसले, आणि ज्यावर आपण एकदा मोकळेपणाने हसलो त्यावर रागावणे माणसाला अवघड जाते. १९६० मध्ये प्राथमिक निवडणुकांच्या वेळी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी आपली स्थिती साखळी दुकानांशी स्पर्धा करणाऱ्या एकट्या दुकानदारासारखी झाल्याचे म्हटले. ही उपमा चांगली होती, अर्थपूर्णही होती; पण त्या आधीच्या हास्याने तिची धार बोथट करून ठेवलेली होती.

१९६८ पर्यंत विनोद स्वतंत्र माल झाला. निक्सन यांनी १६ सप्टेंबर रोजी ‘लाफ-इन’ या विनोदी कार्यक्रमात काही क्षण येऊन त्या कार्यक्रमातील ठरीव वाक्य प्रश्नार्थक सुरात उच्चारले. हम्फ्री यांनी असे निमंत्रण नाकारले. डेमोक्रॅटांच्या एका जाहिरातीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उपाध्यक्षपदासाठी स्पायरो ॲग्न्यू यांचे नाव व पुढे प्रश्नचिन्ह, आणि पार्श्वभूमीला कोणाचे तरी न थांबणारे हसू, एवढेच होते. ॲग्न्यू निवडून आले व १९७३ मध्ये लाचलुचपतीच्या चौकशीमुळे त्यांना पद सोडावे लागले. हसणाऱ्याचे निदान बरोबर होते, उपचार मात्र चुकला होता. जो मॅकगिनिस यांचा ‘द सेलिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६८’ हा ग्रंथ पुढील वर्षी प्रसिद्ध झाला, त्यात निक्सन यांच्या जाहिरातदारांचे जे चित्र आहे ते अभ्यासकांनी मुळातून पाहावे.

१९८४ मध्ये तर बाजारपेठेतील भाषा जशीच्या तशी वादपीठावर आली. वेंडीज नावाच्या उपाहारगृहांच्या जाहिरातीत एक वृद्ध बाई प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या पावाकडे पाहून, यात गोमांस कुठे आहे, असा सवाल करीत असे. ११ मार्च रोजी ॲटलांटा येथील वादविवादात वॉल्टर माँडेल यांनी तोच सवाल गॅरी हार्ट यांच्या ‘नव्या कल्पनां’विषयी केला. माँडेल यांनी ती जाहिरात स्वतः पाहिलेली नव्हती. सल्लागाराने ती त्यांना ऐकविली होती. हार्ट यांची पीछेहाट तेथून सुरू झाली असे मानतात. पण ज्याने बाजारातून शस्त्र आणले त्याच्यावर बाजार उलटणारच. ७ ऑक्टोबरच्या लुइव्हिल येथील वादविवादात ७३ वर्षांचे रेगन चाचरले, गोंधळले. २१ ऑक्टोबर रोजी कॅन्सस सिटी येथे ‘बाल्टिमोर सन’चे हेन्री ट्रुइट यांनी, क्यूबाच्या पेचप्रसंगी केनेडी यांना कित्येक दिवस फारशी झोप मिळाली नव्हती याची आठवण देऊन, आपल्या वयात हे झेपेल का, असे विचारले. या मोहिमेत मी वयाचा मुद्दा करणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा व अननुभवाचा राजकीय फायदा मी उठविणार नाही, असे रेगन उत्तरले. सारे सभागृह हसले; माँडेलही हसले. आपली मोहीम त्या क्षणी संपली हे आपल्याला उमगले होते, असे त्यांनी पुढे सांगितले. रेगन यांनी ४९ संस्थाने जिंकली. ट्रुइट यांचा प्रश्न मात्र पुन्हा वाचून पाहावा. तो अध्यक्षाच्या कार्यक्षमतेविषयी होता, सभ्य होता व आवश्यक होता. आणि उत्तराच्या शब्दांत त्याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

अलीकडच्या काळात या व्यवहाराचा वेग तेवढा वाढला आहे. १८४० मध्ये उपहासापासून पिंपापर्यंत जावयास काही आठवडे लागले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या अनुयायांना ‘डिप्लोरेबल’ म्हटले, तेव्हा तो शब्द छापलेले अंगरखे काही दिवसांतच विकले जाऊ लागले. २०२४ मध्ये एवढाही अवकाश राहिला नाही. २७ ऑक्टोबर रोजी ट्रम्प यांच्या न्यूयॉर्कमधील सभेत एका विनोदी नटाने पोर्टो रिकोला तरंगता उकिरडा म्हटल्यामुळे खळबळ उडाली होती. २९ तारखेस अध्यक्ष बायडेन यांच्या तोंडून कचरा हा शब्द निघाला, तो ट्रम्प यांच्या समर्थकांना उद्देशून असल्याचे मानले गेले, आणि ३० तारखेस ट्रम्प नारिंगी बंडी घालून विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे येथे कचऱ्याच्या गाडीत बसलेले दिसले. मूळ थट्टा, तिने दुखावलेले पोर्टो रिकन लोक, हे सर्व त्या छायाचित्राच्या मागे पडले.

स्वतः बायडेन यांनीही तीच रीत अवलंबिली होती. २ ऑक्टोबर २०२१ रोजी अलाबामातील एका मोटारशर्यतीच्या वेळी प्रेक्षक बायडेन यांना देत असलेली शिवी ही ब्रँडन नावाच्या विजेत्या चालकाची वाखाणणी आहे, असे एका वार्ताहराने प्रक्षेपणात सांगितले आणि ‘ब्रँडन’ हे नाव अध्यक्षांच्या टवाळीचा सांकेतिक शब्द बनले. बायडेन यांच्या समर्थकांनी त्यातून डोळ्यांतून लाल किरण सोडणारा ‘डार्क ब्रँडन’ निर्माण केला, आणि २०२३ मध्ये त्यांच्या प्रचारकचेरीच्या दुकानात त्या चित्राचे कप व सदरे विक्रीस आले. वयाविषयीचे प्रश्नही याच पद्धतीने हाताळले गेले. २७ एप्रिल २०२४ रोजी वार्ताहरांच्या वार्षिक भोजनात, वय हा मुद्दा आहेच, मी एक प्रौढ मनुष्य सहा वर्षांच्या मुलाविरुद्ध उभा आहे, असे बायडेन म्हणाले व पत्रकार हसले. दोन महिन्यांनी, २७ जून रोजी, ॲटलांटा येथे दोन्ही उमेदवार समोरासमोर आले. ८१ वर्षांचे अध्यक्ष वाक्ये अर्धी सोडीत होते, त्यांचा आवाज बसलेला होता, आणि त्या नव्वद मिनिटांत रेगन यांच्यासारखे एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हते. या खेपेस प्रश्न विचारला तो त्यांच्याच पक्षातील लोकांनी. २१ जुलै रोजी त्यांनी पत्राद्वारे उमेदवारी मागे घेतली.